तुकोजीरावांचं निरसं दूध

हां, तर काल तुकोजीराव भिंतीशी दुधाचा तांब्या घेऊन उभे होते आणि तेवढ्यात जेवायची हाक आली, म्हणून गोष्ट तिथंच राहिली. तांब्या अजून त्यांच्या हातातच आहे. कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपलीकडे रुचिरा, कडेवर तिची ऊर्मी, आणि तुकोजीराव रोजच्यासारखं म्हणताहेत, "घ्या अम्मा. निरसं अहे."

काल जे नव्हते त्यांना दोन शब्द सांगून टाकलेले बरे, नाहीतर ते बिचारे नुसत्या माना डोलावत बसतील. तुकोजीराव घाटगे म्हणजे तंजावरकडचे मराठे. वाडवडील कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले, आणि उतरले ते परतीची वाट विचारायचंच विसरले. कमरेला वेष्टी, पानात भात, देवघरात खंडोबा आणि तोंडात मराठी. पण ती मराठी कशी? पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या शेल्यासारखी. घड्या पडलेली, वापर नसलेली, आणि मधेमधे तमिळचे डाग लागलेली.

तुकोजीरावांचा जन्म गेला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात लाकूडकाम करण्यात. नोकरी संपल्यावर त्यांनी चेन्नईच्या वेलचेरीत तळ्याच्या अंगाला घर बांधलं. तेव्हा तिथं भाताची खाचरं होती आणि शेजार म्हणाल तर बेडकांचा. पुढं पेरुंगुडीच्या रस्त्याला कॉम्प्युटरच्या कचेऱ्या आल्या, तिथल्या पोरापोरींना राहायला जागा हवी झाली, आणि बघता बघता घराच्या चारी बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. घर जणू विहिरीच्या तळाशी गेलं. ऊन मध्यान्हीला तेवढं डोकावून जायचं. पुराच्या वर्षी तर तीन शेळ्या खाटेवर आणि तुकोजीराव कमरेएवढ्या पाण्यात, असे ते उभे होते. वरच्या गच्च्यांतून लोक म्हणे फोटो काढत होते.

शेळ्या तीनच. चंद्री, पवळी आणि म्हातारी गोदा. गोदा हे त्यांच्या सासूबाईंचं नाव. सासूबाई हयात असताना शेळीला हे नाव नव्हतं, एवढी लाज त्यांनी राखली होती. तळ्याकाठचं गवत, दारचा अगत्तीचा पाला आणि भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिराती खळीसकट खाऊन त्या तिघी चांगल्या गुबगुबीत होत्या.

माणसांचं मात्र घरात काही उरलं नव्हतं. बायको तुळसी वारलेली. मुलगा मानाजी गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात, तिथंच बिऱ्हाड, सून तमिळ. एखाद्या रविवारी यायचा. बाप मराठीत विचारणार, लेक तमिळमध्ये उत्तर देणार. भांडण नव्हतं हो काही. मानाजीला सगळं कळायचं, पण जीभ वळायची नाही. तुळसी गेल्यापासून तुकोजीराव मराठी बोलायचे ते देवाशी आणि शेळ्यांशी. देव काही बोलत नाही. शेळ्या निदान मान वळवून बघायच्या.

आणि एक दिवस सकाळी धार काढताना चंद्रीनं तांब्यात पाय घातला. तुकोजीराव ओरडले, "अगे भवाने! पाय काढ, पाय काढ!" तर भिंतीपलीकडून एक मुलगी कणकेचे हात घेऊन धावत आली. "अगंबाई! आजोबा, तुम्ही मराठी?"

ही रुचिरा. नांदेडची. ती आणि तिचा नवरा संजीव दोघं पेरुंगुडीला एकाच कचेरीत, बिऱ्हाड शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर. तुकोजीरावांच्या हातातली धार थांबली. 'अगंबाई' हा शब्द तुळसीच्या मागं त्यांनी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "होय. मराठीच अहों. तुम्ही कोठच्या?"

तेव्हापासून ती भिंत म्हणजे दोघांचं दार झालं. काय काय बोलायचे! तुकोजीराव म्हणायचे अगत्ती, ती म्हणायची अहो आजोबा हा तर हादगा. ते म्हणायचे मज, तुज, जाहलं. ती हसून हसून भिंतीला टेकायची. "आजोबा, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता!" "आणि तुम्ही अम्मा, अर्धं इंग्रजी बोलतां. मज वाटतं रेडिओ बिघडला." ऊर्मी दोन वर्षांची. ती त्यांना तात्ता म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये आजोबा, आणि शेळ्यांनाही तात्ताच म्हणायची.

ऊर्मीला पिशवीचं दूध सोसत नव्हतं. अंगावर चट्टे उठायचे. रुचिराच्या आईनं नांदेडहून फोनवर सांगितलं, शेळीचं देऊन बघ. तुकोजीरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी चंद्रीची नाहीतर पवळीची धार, तांब्या वेष्टीच्या सोग्यानं पुसलेला, आणि भिंतीवरून, "घ्या अम्मा. निरसं अहे."

आता इथं जरा कान द्या, कारण पुढचं सगळं ह्या एका शब्दात आहे. निरसं दूध म्हणजे न तापवलेलं. जुनी माणसं सर्रास म्हणायची. तुकोजीरावांच्या घरी तर ती रीतच होती. तुळसी दुसऱ्याच्या घरी दूध द्यायची ते 'निरसं आहे' म्हटल्याशिवाय भांडं हातातून सोडायची नाही. का? तर दूध एकदा चुलीवर चढलं की ते शिजलेलं अन्न झालं, आणि शिजलेलं अन्न कुणी कुणाच्या घरचं घ्यावं ह्याचे पूर्वी शंभर विधिनिषेध. निरशाला विटाळ नाही. ते कुणीही कुणाचंही घ्यावं. म्हणजे 'निरसं आहे' ह्याचा अर्थ, तुमच्या आचाराला बाधा येईल असं आम्ही काही केलेलं नाही, निःशंक घ्या. तुकोजीरावांच्या लेखी तो रामराम होता. पुढं ते दूध कुणी तापवायचं, किती तापवायचं, हा ज्याच्या त्याच्या चुलीचा कारभार. त्यात परक्यानं बोलू नये.

ते स्वतः मात्र गोठ्यातच उभ्यानं फेसाळ दूध प्यायचे. धारोष्ण. बापानं प्यायलं, आज्यानं प्यायलं. "चुलीवर गेलं कीं दूध मेलं," असं त्यांचं मत होतं. एकदा मानाजीनं तमिळमध्ये काहीतरी जंतूंचं सांगितलं, तर म्हणाले, "जंतु असते तर तूं जाहला असतास काय?"

त्या उन्हाळ्यात चंद्री गाभडली. दिवस भरायच्या आधीच मेलेलं करडू टाकलं. तुकोजीरावांनी उघड्या हातांनी सगळं निस्तरलं, माडाच्या बुडाशी पुरलं आणि हात धुतले. मागाहून पवळीही गाभडली. त्यांना वाटलं, तळ्यात हल्ली गटारं सोडतात, ते पाणी बाधलं. गाभडल्यावरही दोघींना पान्हा होता. थोडा कमी, पण होता. ऊर्मीपुरतं दूध निघायचं.

आणि मग ऊर्मीला ताप आला.

असा चोर ताप कुणी पाहिला नसेल. संध्याकाळी यायचा, सकाळी उतरायचा, पोर घामानं निथळायची. चार दिवस बरी, की पुन्हा. एका डॉक्टरनं घसा सांगितला, दुसऱ्यानं हिवताप, तिसऱ्यानं विषमज्वर. रक्त तपासायचं, काही निघायचं नाही, औषध बदलायचं. रुचिरानं रजा काढली, ती वाढवली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग एके दिवशी तिला खाली उभं केलं तर ती पाय पोटाशी घेऊन किंचाळली. चालणारी पोर चालेना.

तुकोजीरावांचं अन्नावरचं मन उडालं. रोज भिंतीशी उभे. "पापा कशी अहे?" लहान मुलाला तमिळमध्ये पापा म्हणतात. "नाही हो आजोबा, रात्री पुन्हा चढला." ते परत जायचे आणि शेळ्यांच्या पुढ्यात पेंड जास्त टाकायचे. आजाऱ्याला शेळीच्या दुधासारखं दुसरं काही नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. म्हणून आता संध्याकाळीही तांब्या जायला लागला. हौसेनं, काळजीनं, देवाचं नाव घेऊन. तुमच्या आमच्या घरातला कुणीही म्हातारा हेच करता.

शेवटी कुणीतरी एका मोठ्या दवाखान्याचं नाव सुचवलं. संजीवला कचेरीतून सुटता येईना. रुचिराची तमिळ म्हणजे भाजीवालीपुरती. भिंतीशी येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही याल का सोबत? मला काही धड विचारता येत नाही, धड सांगता येत नाही."

तुकोजीरावांनी धुतलेली वेष्टी काढली, कपाळाला गंध लावलं आणि शेअर ऑटोत ऊर्मीला मांडीवर घेऊन बसले. पोर तापली होती. तिचा गाल त्यांच्या दंडाला लागला की त्यांना चटका बसायचा. एवढ्या काळजीतही त्यांच्या मनाला कुठंतरी बरं वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. किती वर्षांनी कुणाला तरी त्यांची गरज पडली होती, आणि तीही बोलण्यासाठी.

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक वयस्क नर्स सगळं विचारून घ्यायची. जाडजूड, प्रेमळ, पण तमिळशिवाय एक अक्षर नाही. ती विचारणार, तुकोजीराव मराठीत करणार, रुचिरा सांगणार, ते तमिळमध्ये करणार. झोपते किती, खाते काय, घरात कुणाला खोकला आहे का. छान चाललं होतं. मग दुधाचं निघालं. कुठलं दूध? "आट्टुप्पाल," तुकोजीराव अभिमानानं म्हणाले. शेळीचं दूध. नर्सनं मान वर केली आणि सरळ रुचिराकडं बघून विचारलं,

"पच्चैपाल कुडुत्तींगळा?"

पच्चै हा शब्द रुचिराला येत होता. हिरवी मिरची घेताना लागायचा. "हिरवं?" ती म्हणाली. "आजोबा, दूध हिरवं कसं असेल? काय विचारतायत त्या? पुन्हा विचारा ना."

नर्सनं पुन्हा विचारलं. रुचिरानं पुन्हा विचारलं. तुकोजीरावांना त्या काळजीतही हसू आलं. "हिरवं नाहीं हो अम्मा. तमिळांत पच्चै म्हणजे हिरवंही आणि निरसंही. निरसं दूध देतां काय, म्हणून पुसते ती."

"हो, हो! निरसंच," रुचिराचा चेहरा मोकळा झाला. "सांगा त्यांना, निरसंच देतो. म्हणावं पचायला अगदी हलकं, साय काढलेलं."

"साय?" तुकोजीराव म्हणाले. "साय कोणी काढिली?"

"तुम्हीच ना. तुम्हीच तर रोज सांगता, निरसं आहे. नीरस म्हणजे... कस काढलेलं, पातळ. मी आईलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, आजोबांना केवढी काळजी, साय काढून, तापवून देतात."

"तापवून?"

"तांब्या गरमच असतो ना आजोबा. म्हणून तर मी तसंच वाटीत ओतून तिला देते. लगेच."

तांब्या गरम असायचा, खरंच. चंद्रीच्या कासेतून आलेलं दूध, त्याला चुलीची ऊब कशाला हवी?

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं दूध कधी तापलंच नव्हतं. तुकोजीराव बाकावर बसले होते तसेच बसून राहिले. समोर नर्स, हातात पेन. "एन्न सोल्रांग?" तिनं विचारलं. काय म्हणतायत त्या?

आता बघा. रुचिराला तमिळ कळत नव्हतं. नर्सला मराठी कळत नव्हती. दोघींच्या मधे एकटे तुकोजीराव. 'काच्चित्तान्' असं म्हटलं की झालं, म्हणजे तापवूनच देतात. नर्स पुढचा प्रश्न विचारती. आणि हे न म्हटलं तर काय काय जाणार, हे त्यांना त्या बाकावर बसल्याबसल्या दिसलं. शेळ्या दिसल्या, भिंत दिसली, सकाळची 'अगंबाई' ऐकू आली. तेवढं एक दार उघडं होतं त्यांना सगळ्या चेन्नईत. आणि शिवाय मन म्हणतच होतं, अरे आपण जन्मभर प्यायलो, आपल्याला काय झालं? दुधानं कधी ताप येतो का?

ऊर्मीनं झोपेत पाय हलवला आणि कण्हली.

"पच्चैयात्तान्," तुकोजीराव म्हणाले. "एन् वीट्टु आडु." निरसंच. माझ्याच घरच्या शेळ्या.

नर्सचं पेन थांबलं. ती उठून आत गेली ती डॉक्टरांना घेऊनच आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रुचिराशी इंग्रजीत आणि तुकोजीरावांशी तमिळमध्ये बोलून एकच गोष्ट खोदून खोदून विचारली, की शेळ्या गाभडल्यात का. "दोन," तुकोजीराव म्हणाले. मग डॉक्टरांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. तुम्हीही हेच दूध पिता? संध्याकाळी कणकण येते? पाठ दुखते? रात्री घाम? तुकोजीराव म्हणाले, येते, किती वर्षं झाली, वय झालं आता. "वय नव्हे," डॉक्टर म्हणाले, आणि पोरीचं रक्त घेतलं त्याच खोलीत म्हाताऱ्याचंही घेतलं.

परतीच्या ऑटोत रुचिरानं सगळं विचारून घेतलं, तेव्हा त्यांनी तिला निरसं म्हणजे काय ते सांगितलं. ऊर्मीला तिनं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

दोघांच्या रक्तात एकच आजार निघाला. शेळ्यांकडून दुधातून येणारा. औषधाला उतरतो, पण हट्टी. आठवडेच्या आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात.

संजीव त्या दिवशी स्वतः तुकोजीरावांच्या दारात आला. मुलगा वाईट नव्हता. पण बाप होता, आणि कित्येक दिवस झोपला नव्हता.

"आजोबा, साधं 'कच्चं दूध' म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"कच्चं?" तुकोजीराव गोंधळले. "संजीवराव, कैरी कच्ची. वीट कच्ची. दूध कच्चं कसं असेल?"

"इथं काय व्याकरण चाललंय का? तापवा, एवढा एक शब्द! तापवा म्हणायचं!"

"दुसऱ्याच्या चुलीवर काय करावं, तें मी कसं बोलूं..."

"माझी पोर चालत नाहीये, आजोबा." संजीवचा आवाज फुटला. "रीतभात घालायचीय का चुलीत? आता कृपा करा. भिंतीशी येऊ नका. ती तुम्हाला बघून हात पुढं करते, मला नाही बघवत."

तुकोजीराव म्हणाले, "बरं." आणि त्या दिवसापासून ते भिंतीकडं पाठ करून बसायला लागले. पलीकडून मराठी ऐकू यायची. ऊर्मीला औषध पाजताना रुचिरा गाणी म्हणायची. ते उठून घरात जायचे.

मग सरकारी ढोरडॉक्टर आला आणि त्यानं तिघींची तपासणी केली. तिघीही बाधलेल्या. शेळ्यांना ह्यावर इलाज नाही. इंजेक्शन देऊन खोल पुरायच्या, असं त्यानं सांगितलं. ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ! दुसऱ्या दिवशी सुब्बा खाटीक हजर. सुब्बा जुन्या ओळखीचा, पोंगलला घरी येऊन गोड खाऊन जाणारा. तमिळमध्ये म्हणाला, "तात्ता, पुरताय कशाला? मटण शिजतंच की. मला द्या. कोण विचारतंय?"

तुकोजीराव म्हणाले, "माझ्या घरांतून बाहेर जाईल तें सांगून जाईल. तूं काय सांगून विकशील? घ्या, आजारी होती?"

"सांगतंय कोण?"

"मग जा."

सुब्बा हसला आणि म्हणाला, म्हातारा सटकला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, हे आपण हसत हसत म्हणतो. त्या अंगणात हसण्यासारखं काही नव्हतं. मानाजी गुम्मिडिपूंडीहून रजा काढून आला, त्यानं खड्डा खणला. चंद्रीला आधी धरलं. ती नेहमीप्रमाणे मान वळवून बघायला लागली, की हे काय बोलताहेत. तुकोजीराव तिच्याशी बोलत होते. काय बोलले ते मानाजीला कळलं असणार, पण त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पवळीला धरलं. गोदा म्हातारी, तिचे दात गेलेले, ती आपली शेवटपर्यंत दाव्याची दोरी चघळत होती. वरून चुन्याची पोती उपडी केली. शेजारच्या गच्च्यांतून लोक खाली बघत होते.

हात धुऊन मानाजी म्हणाला, "अप्पा, हे घर विका आता. आमच्याकडं या." तमिळमध्येच म्हणाला. तुकोजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला तमिळमध्ये उत्तर दिलं. पाहू म्हणाले. लेकानं चमकून बघितलं आणि मग जमिनीकडं बघत राहिला.

औषध दोघांचं एकच, ताकद तेवढी कमीजास्त. त्यातल्या एका गोळीनं लघवी केशरी होते. भिंतीच्या अलीकडं एक म्हातारा आणि पलीकडं एक पोर, दोघं एकच रंग बघत होते आणि एकमेकांना सांगू शकत नव्हते. ऊर्मीनं हे कुणाला तरी नक्की सांगितलं असतं हो, त्या वयात केवढी गंमत वाटते त्याची! पण तिच्या तात्ताची तेवढी पाठ दिसायची.

तुकोजीरावांचा ताप गेला. किती वर्षांनी संध्याकाळी अंग थंड लागायला लागलं. पाठ सरळ झाली. शेजारीपाजारी म्हणायचे, तात्ता तुम्ही तरुण झालात. ह्या सुधारलेल्या प्रकृतीचं करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सकाळी सवयीनं लवकर जाग यायची. उठून गोठ्यापर्यंत जायचे, आणि रिकाम्या दावणीशी थोडं उभं राहून परत यायचे. दूध म्हणून आता दारात निळी पिशवी पडायची. ती ते उकळवून उकळवून अर्धी करायचे, आणि प्यायचा कंटाळा आला की माडाच्या बुडाशी ओतून टाकायचे.

पाऊस पडून गेला, तळं भरलं. एका संध्याकाळी रुचिरा भिंतीशी न येता रस्त्यावरून वळसा घालून दाराशी आली. बरोबर ऊर्मी, स्वतःच्या पायांवर. उजवा पाय अजून किंचित टाकून चालत होती. डॉक्टर म्हणाले होते, जाईल हळूहळू. किंवा थोडं राहीलही. तुकोजीराव पायरीवर बसून गव्हाणीच्या फळ्या सोडवत होते. लाकूड चांगलं होतं, मानाजीच्या घरी कपाट करायला लागणार होतं. त्यांनी पोरीकडं बघितलं, तिच्या पायाकडं बघितलं आणि पटाशी खाली ठेवली.

"बसा, अम्मा."

रुचिरा पायरीवरच बसली. आणि एकदम बोलायला लागली. "आजोबा, चूक माझी होती. मला कळलं नव्हतं तर मी विचारायला हवं होतं. आणि मी आईला, शेजारणीला, सगळ्यांना तो शब्द समजावून सांगत होते, मला फार येतं म्हणून. संजीवला मी सगळं सांगितलंय. तोही म्हणतो, जास्त बोललो. तुम्ही तेव्हा नर्सला खरं सांगितलं नसतं तर... डॉक्टर म्हणाले ना, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता."

ऊर्मी रिकाम्या गोठ्यात जाऊन वाकून बघत होती. "तात्ता कुठंय?" तिनं विचारलं. शेळ्यांना ती तात्ताच म्हणायची.

"हे बघा, असं होतंय," रुचिरा म्हणाली. "पाळणाघरात तमिळ, टीव्हीवर इंग्रजी. आम्ही दोघं दिवसभर कचेरीत. हिच्याशी मराठी बोलायला तुमच्याशिवाय कोण आहे? आणि माझ्याशी तरी? तुम्ही भिंतीकडं पाठ करून बसता, आजोबा, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पुन्हा येत जा ना. पूर्वीसारखं बोलत जाऊ. याल?"

तुकोजीरावांनी वेष्टीवरचा भुसा झटकला. ऊर्मी गोठ्यातून परत येत होती, उंबऱ्याशी अडखळली, तिला त्यांनी हात दिला. आणि मग रुचिराकडं न बघता म्हणाले,

"येईन कीं, अम्मा. पण आतां आपण तमिळच बोलूं. तमिळांत तुम्हांस नाहीं कळलं, तर तुम्ही परत पुसतां."